आवाजासाठी आमची माणसं

नोकरीत मी लघुलेखक होते. साहेब बोलतील ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं, आणि नंतर टाइप करताना साहेबांना जे म्हणायला हवं होतं ते कागदावर आणायचं, हे माझं काम. या दोन्हींत किती अंतर असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. एकदा आमच्या खात्यात कर्मचाऱ्यांचे फोन चोरून ऐकले जातात अशी तक्रार झाली. चौकशीत साहेब म्हणाले, "आम्ही कुणाचेही फोन ऐकत नाही. ऐकण्यासारखं इथे कुणी बोलतच नाही, याची आम्ही खात्री करून घेतलेली आहे." मी टाइप केलं, 'फोन ऐकले जात नाहीत.' साहेबांनी सही केली. तक्रार करणारा माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याला कागद देताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून पनवेलमध्ये काही लोकांना मी फार तत्त्वाची बाई वाटले. तसं काही नव्हतं. तसलंच वाक्य दुसऱ्यांदा पुसायचं माझ्या जिवावर आलं, एवढंच.

निवृत्त झाल्यावर मी आणि नवरा मुंबईतलं क्वार्टर सोडून पनवेलला राहायला आलो. सकाळी मी तळ्याला फेऱ्या मारायला जायची. दोन फेऱ्या झाल्या की एका बाकावर बसायची. त्या बाकावर हळूहळू आम्ही तिघं जमायला लागलो. एक वहिनी. त्यांचं माहेर करंजाचं, सासर गव्हाणचं. सासऱ्यांची शेती आणि मिठागर दोन्ही प्रकल्पांत गेलं, त्याच्या मोबदल्यात उलव्याला इमारत उभी राहिली, आणि वहिनी मुलाबरोबर पनवेलच्या फ्लॅटमध्ये आल्या. त्या मला 'बाय' म्हणायच्या. दुसरे सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. ते मला 'मॅडम' म्हणायचे आणि कुठल्याही गोष्टीला पुरावा मागायचे.

आमच्या भागात पाणी एक दिवसाआड येतं. कुठल्या वेळी येईल ते कुणी सांगत नाही. बाकावरचं आमचं निम्मं बोलणं त्यावरच असायचं. अशात एका सकाळी बाकासमोर पांढरा खांब उभा दिसला. त्यावर तीन कॅमेरे. एक तळ्याच्या फाटकाकडे, एक फिरण्याच्या वाटेकडे आणि एक सरळ आमच्याकडे. काही दिवसांपूर्वी मागच्या रस्त्यावर एका बाईचं मंगळसूत्र खेचलं होतं, म्हणून ते बसवले असं कळलं. मागच्या रस्त्यावर मात्र एकही नव्हता.

वहिनी खांबाकडे बघत म्हणाल्या, "चोर गेला तिकरं, आनि डोला लावला इकरं."

सर म्हणाले, "कोन बघा. पंचेचाळीस अंशांत आपण तिघंच बसतो."

आम्ही हसलो. मनात मात्र मला ते बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बाकाच्या टोकाला सरकून बसले, तर वहिनीही सरकल्या.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, आम्ही ठरवलं की सोमवारी सकाळी रिकामे हंडे घेऊन पाणी सोडणाऱ्या कार्यालयात जायचं. घोषणा नाहीत, गर्दी नाही. तिघांनीच जायचं, तिथल्या साहेबांच्या टेबलासमोर हंडे ठेवायचे आणि पाण्याची वेळ लिहून मागायची. आधी कुणाला सांगायचं नाही, नाहीतर साहेब दौऱ्यावर जातील. ही सूचना माझी. नोकरीत असताना असे दौरे मीच टाइप करत असे. मी घरी नवऱ्यालासुद्धा बोलले नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात कॅमेऱ्यांबद्दल नागरिकांची बैठक होती. कुणीतरी हरकत घेतली होती म्हणून साहेब स्वतः शंकानिरसन करायला आले होते. पाणी आणि कॅमेरे, दोन्ही त्यांच्याच हाताखाली. शेजारी आमच्या भागातले पुढारी बसले होते. मी रहिवासी मंडळाची सदस्य असल्यामुळे इतिवृत्त लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. पहिल्या रांगेत वही उघडून बसले. लघुलेखनातच लिहीत होते, दुसरं काही मला त्या वेगानं जमत नाही.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. हसतमुख, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. ते म्हणाले, "कॅमेरा फक्त बघतो. ऐकत नाही. आणि बघितलेलं तो पोटात ठेवतो. तळ्यावर रोज कोण कुणाबरोबर फिरतं ते आम्हाला दिसतं. आजवर आम्ही कुणाच्या घरी सांगितलंय?"

मागे काही लोक हसले. एक नवरा-बायको मात्र हसले नाहीत, आणि मग त्यांच्याकडे बघून बाकीचे हसले.

साहेबांना हशा मिळाला तसा धीर आला. ते पाण्यावर वळले. "तुमच्या अडचणी आम्हाला कळतात. उद्या ज्यांना रिकामे हंडे घेऊन यायचंय, त्यांनी अगदी निःसंकोच यावं. आम्ही चहा पाजू."

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत चालू वाक्यावर हात थांबल्याचं मला आठवत नाही. मी वळून वहिनींकडे पाहिलं. त्या सरांकडे बघत होत्या. सर माझ्याकडे बघत होते.

सर उभे राहिले. "साहेब, उद्याचं तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं हो, सर."

"तुम्ही आताच म्हणालात, कॅमेऱ्याला आवाज नाही."

"नाहीच," साहेब म्हणाले. "कॅमेऱ्याला आवाज नाही. आवाजासाठी आमची माणसं आहेत ना."

ते हे इतक्या सहज म्हणाले की पुन्हा थोडा हशा झाला. मग तो थांबला, आणि सभागृहात प्रत्येक जण आपल्या शेजारी कोण बसलंय ते बघायला लागला.

पुढाऱ्यांनी माइक ओढून घेतला. "साहेबांच्या बोलण्याचा चुकीचा अर्थ काढू नका. आई मुलीचा मोबाइल बघते की नाही? मुलीला कळू न देता बघते. का बघते? प्रेमापोटी. तसंच हे समजा."

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आई आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी होती. मुलीनं हळूच आईकडे मान वळवली. आई म्हणाली, "मी नाही गं बघत." मुलीनं मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला.

सभा संपली. एरवी आम्ही तिघं चालत घरी आलो असतो. त्या दिवशी सर मुलीकडे जायचंय म्हणून पुढे गेले. वहिनींना न्यायला त्यांच्या पुतण्याची गाडी आली. मी एकटी आले आणि वाटेत हिशेब मांडत राहिले. वहिनींचा पुतण्या बांधकामाला माल पुरवायचा. कॅमेऱ्यांच्या खांबांचे चौथरे त्याच्याच माणसांनी बांधले होते, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर त्याचाही फोटो असे. सरांचे जावई पोलिसात. आता दोघांपैकी कोण, एवढंच उरलं होतं. त्या दोघांनीही घरी जाताना असाच हिशेब मांडला असेल आणि त्यात मी असेन, हे मला बऱ्याच दिवसांनी सुचलं.

सोमवारी मी हंडा घेऊन गेले. सर आले, त्यांच्या हातात स्टीलची कळशी होती. वहिनी आल्या नाहीत. आम्ही तिथल्या बाकावर दोन टोकांना बसलो. शिपाई चहा घेऊन आला. तीन कप होते. त्यानं दोन आमच्यासमोर ठेवले, तिसरा घेऊन इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "तिसरे कोण ते?"

"तिसरं कुणी नाही," सर म्हणाले.

शिपाई म्हणाला, "मला तीन सांगितलेत." आणि कप ठेवून गेला.

साहेबांनी पाण्याच्या वेळेचं आश्वासन दिलं, तोंडी. लिहून मागितलं तर म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का?" बाहेर आल्यावर सर म्हणाले, "मॅडम, तीन लोकांना माहीत होतं. दोन आले. हे काही अवघड गणित नाही." मला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. पटलं त्याचा थोडा आनंदही झाला, हे कबूल करायला हवं. त्यामुळे सर तर सुटत होतेच, मीही सुटत होते.

मंगळवारी त्या कार्यालयातल्या लिपिकाचा फोन आला. आवाज फार मऊ. "मॅडम, इतिवृत्त तुम्हीच लिहिताय ना? साहेब ते माणसांचं विनोदानं बोलले हो. विनोद काही इतिवृत्तात घेत नाहीत."

"मी कंसात 'हशा' लिहिलंय," मी म्हटलं.

"तसं नाही. शंकांचं निरसन करण्यात आलं, एवढं पुरे. आणि मॅडम, तुमची ती पिवळ्या पुठ्ठ्याची वही, ती मंडळाची की तुमची स्वतःची?"

वही सभेत सगळ्यांनी पाहिली होती. तिचा रंग त्याला माहीत असण्यात काही विशेष नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर मी वही उशीच्या अभ्र्यात घातली. नंतर काढून डाळीच्या डब्यात ठेवली.

इतिवृत्त मी जसंच्या तसं लिहिलं. घरी सांगण्याचं, हंड्यांचं, माणसांचं, आई-मुलीचं, सगळं. मंडळाच्या अध्यक्षांनी वाचून कपाळाला हात लावला. "अहो, हे असं कुणी लिहितं का?" म्हणाले. मी म्हटलं, "बोलले तसं लिहिलंय. चुकलं असेल तर साहेबांनी दुरुस्ती पाठवावी, तीही जोडू." दुरुस्ती आली नाही. अध्यक्षांनी सही केली, पण तेव्हापासून माझ्याशी ते जपून बोलायला लागले. कुणी जपून बोलायला लागलं की मला ते लगेच कळतं, नोकरीत सगळे माझ्याशी तसंच बोलायचे.

वहिनी तळ्यावर यायच्या बंद झाल्या. सर यायचे, पण पलीकडच्या बाजूनं, कानात काहीतरी घालून. मी बाकावर एकटी बसायची आणि समोर कॅमेरा. एकटी बसलेली बाई त्यात कशी दिसत असेल असा विचार यायचा. मग वही काढून काहीबाही लिहायची.

काय लिहीत होते ते एक दिवस नवऱ्यानं उघडं पाडलं. त्याला लघुलेखन वाचता येत नाही, पण आकडे सगळ्यांना वाचता येतात. वही माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "हे सव्वासात, साडेसात, अकरा दहा काय आहे? पाण्याच्या वेळा?"

मी म्हटलं, हो.

"पाणी तर काल आलंच नाही. आणि कालच्या पानावर चार वेळा आहेत."

त्या वहिनींच्या वेळा होत्या. आमच्या खिडकीतून त्यांच्या इमारतीचं फाटक दिसतं. त्या कधी बाहेर पडल्या, कुणाच्या गाडीतून गेल्या, परत कधी आल्या, हे मी गेले कितीतरी दिवस लिहून ठेवत होते. सुरुवातीला वाटलं होतं, पुरावा लागेल. हे मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं वही टेबलावर ठेवली आणि खिडकीचा पडदा ओढला. त्यानं ओरडायला हवं होतं असं मला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. एकच प्रश्न विचारला, तळ्याकाठच्या कॅमेऱ्यांत आवाज टिपला जातो का? सोबत इतिवृत्ताची प्रत जोडली. उत्तराला मुदतीचे सगळे दिवस लागले. तीन ओळींचं उत्तर होतं. 'सदर उपकरणांमध्ये ध्वनिग्रहणाची सुविधा उपलब्ध आहे. तथापि सदर सुविधा वापरात नाही. सुविधा वापरल्यास त्याची नोंद ठेवण्याची पद्धत नाही.'

पहिली दोन वाक्यं असती तर मी कदाचित गप्प बसले असते. तिसरं वाक्य वाचून मी खुर्चीत बसले. हे कुणी सांगितलं असेल आणि कुणी टाइप केलं असेल? माझ्यासारखी कुणीतरी असेल, तर तिनं ते वाक्य सहज गाळलं असतं. तिनं ते राहू दिलं. चुकून की मुद्दाम, ते मला कळायला मार्ग नाही.

आधी मी सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "सुविधा आहे यावरून ती वापरली असं सिद्ध होत नाही, मॅडम."

"आणि वहिनींनी सांगितलं हे सिद्ध झालंय का?"

"ते नाही झालेलं. पण शक्यता जास्त आहे." मग कागद परत देत म्हणाले, "खरं सांगायचं तर तुमचीही आहे."

मी कागद घेऊन वहिनींकडे गेले. त्यांनी दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. माझ्या समोर न बसता लांबच्या खुर्चीवर बसल्या. मी उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी तिसरं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "उद्या मी करंज्याला जातंय, भावाकरं. तुमी येता का?"

आम्ही गेलो. गाडी त्यांच्या मुलाची होती. उलव्यातून जाताना त्या दोन्ही बाजूंच्या क्रेन बघत राहिल्या, मी माझ्या हातांकडे. बंदरावर बोटी नुकत्याच लागल्या होत्या. लिलाव चालू होता, चारी बाजूंनी भाव ओरडले जात होते, बर्फ फोडत होते. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकायला तोंड कानाजवळ न्यावं लागत होतं. त्या गोंगाटात वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाय, मना वाटलं तुमीच सांगितलं."

"मी?"

"तुमी सारखं त्या वहीत काय काय वेटोळी काढता. कोनाला वाचता येत नाय. मना वाटलं, हे तिकरंच जातं." त्या आणखी जवळ सरकल्या. "आमच्या सुनेनं तुमच्या वहीचा फोटो काढला हाय. सभेनंतर मी तल्यावर येत नाय म्हनून तुमी आमच्याकरं इचाराया आल्या, वही सोफ्यावर ठेवून हात धुवायला गेल्या, तवा. मीच सांगितलं तिला. उरनला टायपिंगच्या क्लासवाल्याला दाखवला."

"काय म्हणाला तो?"

"म्हनाला, ज्याचं त्यालाच वाचता येतं."

राग यायला हवा होता, पण मला तो आला नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन माझं सांगितलं. खिडकी, फाटक, वेळा. सांगताना मला जितकी त्या गोष्टीची लाज वाटली, तितकीच ती मोठ्यानं ओरडून सांगावी लागत होती याची. वहिनींनी लिलावाकडे बघतच विचारलं,

"गुरवारी मी पुतन्याच्या गाडीतून गेलती. ते लिवलं?"

"लिहिलं."

"गुडघ्याचा फोटो काडाया गेलती. बदलावा लागंल म्हनतात. घरात कोनाला सांगितलं नाय अजून. त्या सोमवारी पन गुडघ्यामुलंच आली नाय."

आम्ही त्यांच्या भावाच्या अंगणात बसलो. समोर बोंबील वाळत घातले होते. भावजयीनं चहा केला. वहिनींनी माझी वही मागितली, उघडून पानं चाळली, आणि परत दिली. "जालून टाकू नका," म्हणाल्या. "पन माझं परत लिवू नका." मी त्यांच्या देखत ती पानं फाडली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी करून ब्लाउजात ठेवली. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसलेला नव्हता हे मला त्यावरून कळलं, आणि ते बरोबरच होतं.

आता आम्ही दोघी पुन्हा बाकावर बसतो. पाणी हल्ली सहाला येतं, बहुतेक वेळा. साहेबांची बदली झाली. नवे साहेब सभेत लिहून आणलेलं वाचून दाखवतात आणि प्रश्न घेत नाहीत. मला वाटतं, आधीचे बरे होते. ते बोलून तरी जात.

मागच्या आठवड्यात सर आमच्यासमोर येऊन थांबले. कानातलं काढलं. वहिनींना म्हणाले, "गुडघा कसा आहे?"

"बरा हाय."

"काळजी घ्या," म्हणून ते पुढे गेले. बसले नाहीत.

ते वळणापर्यंत गेले तोवर वहिनी त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांना गुडघ्याचं कोनी सांगितलं?"

"मी नाही," मी म्हटलं. "तुम्ही लंगडताय वहिनी. लांबून दिसतं."

"दिसतं खरं," त्या म्हणाल्या. त्यांनी पाय जरा आत ओढून घेतला. मग आम्ही उठलो आणि त्यांच्या गुडघ्याला झेपेल तेवढ्या बेतानं दुसरी फेरी मारायला निघालो.